तळं कुठे पळून जातंय?

अहो, अभिनंदन कसलं करताय माझं? सकाळपासून जो दुकानात येतोय तो माझा हात धरून हलवतोय, शाबास, जिंकलात! हो, जिंकलो. बायकोशी लावलेली पैज जिंकलो. लग्नाला पंचवीस वर्षं झालेला माणूस जेव्हा बायकोशी पैज जिंकतो ना, तेव्हा त्याने आधी खाली बसावं, घोटभर पाणी प्यावं आणि विचार करावा, की आपलं नेमकं कुठे चुकलं! बसा, बसा तुम्ही, चष्मा होतोय तुमचा, काच घासायला लावलीय, तोवर ऐका...

आता आमचं हे शहर म्हणजे तळ्याचं शहर. कुठून कुठून लोक येतात तळं बघायला! आणि माझं दुकान? ऐन काठावर! पुढचं दार बाजारात, मागची खिडकी तळ्यावर. म्हणजे होती. दुकान थाटलं तेव्हा म्हटलं, एवढी भिंत वाया कशाला घालवायची, आणि खिडकीला चिकटवून फ्रेमचं कपाट उभं केलं. लग्न झालं, पहिल्याच आठवड्यात ही म्हणाली, "अहो, नावेत बसायला जाऊ या ना." मी म्हटलं, "जाऊ की! तळं कुठे पळून जातंय?" झालं! मुलगी झाली, ती शाळेत गेली, तिचं लग्न होऊन ती सासरी गेली, ही आपली दर रविवारी विचारतेय आणि मी म्हणतोय, रविवारी गिऱ्हाईक जास्त असतं गं, पुढच्या रविवारी बघू, तळं कुठे पळून जातंय? आणि माझं काय खोटं होतं का? पळालं का तळं? नाही ना!

तर गेल्या आठवड्यात ही माझ्यापुढे दोन तिकिटं टाकते. तलावदर्शन सहल! सकाळी निघायचं, संध्याकाळी परत. मी म्हटलं, "अगं, ही बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी असते." म्हणाली, "आपण बाहेरगावचेच आहोत म्हणून मी सांगितलंय. तुमच्याबरोबर राहून हे तळं मला परगावचंच झालंय." लागलं हो मला! मग तीच म्हणाली, "पैज लावा. संध्याकाळपर्यंत आपण इथलेच आहोत हे कुणालाही कळू द्यायचं नाही. तुम्हाला जमलं, तर मी जन्मात पुन्हा तळ्याचं नाव काढणार नाही. तुम्ही बोलून गेलात, तर दर रविवारी दुकान बंद आणि आपण तळ्यावर!" आता तुम्हीच सांगा, एक दिवस तोंड बंद ठेवायचं आणि जन्मभराची शांतता! कोण सोडेल? मी म्हटलं, "मंजूर!"

निघालो. वीसेक माणसं, आणि माहिती सांगायला एक पिवळ्या टोपीतली मुलगी. काय तिचं बोलणं! मध्ये टाचणी शिरायची सोय नाही! "पाहुणे मंडळी, हा बघा काठावरचा रस्ता, ही बघा कमान, इथून पाण्यात पडलेलं मनोऱ्याचं प्रतिबिंब बघा..." मी रोज त्या रस्त्याने डबा घेऊन येतो हो! पण तुम्हाला सांगतो, मान वर करून मी पहिल्यांदा बघितलं. कमानीवर दगडी पोपट आहेत! एवढे मोठे पोपट, चोचीबिचीसकट! मी चारचौघांत ओरडलो, "अगं पोपट!" ही म्हणाली, "हळू. ते काही उडून जात नाहीत."

मग टेकडीवर नेलं. तिथे दुर्बीण आहे, तिच्यातून तळ्यातलं बेट दिसतं, बेटावरचे बगळे दिसतात. जो तो बघतोय आणि म्हणतोय, वा, काय धुकं पडलंय! धुकं? टळटळीत उन्हात? मी डोळा लावला... अहो, भिंगावर बोटांचे ठसे! आता मी काय करू? हात शिवशिवतात की नाही माणसाचे? खिशातलं मऊ फडकं काढलं, फू करून वाफ सोडली, गोल गोल पुसलं, धुकं गायब! सगळे बघतच राहिले. टोपीवाली म्हणाली, "काका, तुम्ही काय काम करता हो?" हिने डोळे मोठे केले. माझ्या हातात फडकं, तोंडात आलं ते बोललो, "मी... शिंपी आहे."

फसलो! आमच्यात एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, त्या लगेच पुढे. "शिंपी? बरे सापडलात! माझं हे बाहीचं बटण तेवढं लावून द्या." सुईदोरा पर्समध्ये तयार! मी टेकडीवर, दगडावर बसून बटण लावतोय... शर्टाच्या बटणाला मी आयुष्यात सुई लावली असेल तर शपथ! बाही आणि कोपर यांची मी एकत्रच शिलाई घालत होतो, बाई ओरडल्या म्हणून थांबलो. आणि ही? बाजूला उभं राहून पदर तोंडात कोंबून हसतेय. किती दिवसांनी हसताना बघितली हो तिला! मी दुसऱ्यांदा सुई टोचून घेतली... मुद्दाम.

पण खरी परीक्षा पुढे. घाटाच्या पायऱ्या उतरून नावेकडे निघालो, तर पायरीवर शेंगदाणे खात कोण बसलंय? आमचे पेन्शनर आजोबा! तुम्ही ओळखता त्यांना, जुनं गिऱ्हाईक. मला बघून उठलेच. "काय हो चष्मेवाले, माझा चष्मा कधी देताय?" टोपीवाली वळून बघतेय, सगळी सहल बघतेय. मी आवाज बदलला. "कोण आपण? आपली काही तरी गल्लत होतेय." आजोबा जवळ आले, नाकाला नाक लावून माझं तोंड निरखलं आणि म्हणाले, "असेल बुवा. माफ करा. माझा चष्मा त्या मेल्याने अडकवून ठेवलाय, मला काही नीट दिसत नाही." अहो, काय सांगू तुम्हाला! चष्मा वेळेवर दिला नाही म्हणून वाचलो! धंद्यातला आळस असा कामाला आलेला मी तरी दुसरा बघितला नाही.

मग नावेत बसलो. आणि... आता हसू नका... मला ते फार आवडलं. फार म्हणजे फार! वारा काय, पाणी काय, वल्ह्याचा तो चुबुक चुबुक आवाज काय! हिने हात पाण्यात सोडला, मी पण सोडला. बेटावर बाग, बागेत झोपाळा, मी झोपाळ्यावर बसलो! या वयात, या पोटासकट! हिने झोका दिला. परत येताना सूर्य खाली आलेला, सगळं पाणी लालसर, हिच्या केसांवर पाण्याचे थेंब, ही एकदम म्हणाली, "संपत आला दिवस." आणि मी पाण्यातला हात काढून घेतला. म्हटलं, अरे गाढवा, तू जिंकायला आलायस! जिंकलास की हे संपलं! उद्यापासून ही तळ्याचं नाव काढणार नाही!

एवढ्यात टोपीवाली उभी राहिली. "पाहुणे मंडळी, समोर बघा, काठावर बाजाराची मागची बाजू. सगळ्या खिडक्या उघड्या, कुंड्या, पडदे. आणि मधली ती एकच बंद खिडकी दिसते? कुणीच ती कधी उघडलेली बघितली नाही. म्हणतात, तिथल्या माणसाचं प्रेम या तळ्याने हिरावून घेतलं, तेव्हापासून त्याने तळ्याचं तोंड बघितलं नाही." सगळी नाव हळहळली. मुख्याध्यापिकाबाईंनी चक्क डोळे पुसले. मी बघतो तर काय... काचेआड कपाटाच्या फळ्या, फळ्यांवर माझ्याच हाताने ठोकलेला पत्रा!

मी उठलो! नाव डुलली, पण मी उठलो! "अहो, प्रेम कसलं, बिम कसलं! ती माझ्या दुकानाची खिडकी आहे! मागे फ्रेमचं कपाट आहे! मी इथलाच, मी चष्मेवाला! हरलो मी, हरलो! दर रविवारी दुकान बंद!" मग जो हशा पिकला! टोपीवाली म्हणते, "शिंपीकाका, खाली बसा, पडाल. इथला माणूस कधी दगडी पोपट बघून ओरडतो का? सबंध सहलीत तुमच्याएवढं हरखून कुणी तळं बघितलं नाही!" मी म्हटलं, "मला शिवता येत नाही हो!" मुख्याध्यापिकाबाई बाही उचलून म्हणाल्या, "ते आम्ही पाहिलं. म्हणून धंदा बदलायला हवा, खोटं बोलायला नको."

धक्क्याला नाव लागली. आजोबा अजून तिथेच! मी धावलो, "आजोबा, सांगा यांना, मी कोण? तुमचा चष्मेवाला ना?" आजोबा टोपीवालीला शांतपणे म्हणाले, "नाही हो. मघाशी मी स्वतः विचारलं, गृहस्थ वेगळे आहेत. पण बिचाऱ्यांना ऊन लागलेलं दिसतंय."

हिच्याकडे वळलो. म्हटलं, "मी बोललो की नाही? फुटलो की नाही?" ती म्हणाली, "ठरलं होतं, कुणालाही कळू द्यायचं नाही. कळलं का कुणाला? जिंकलात तुम्ही!" आणि अशी हसली, की मला वाटलं आता ही विरघळणार. छे! पैज म्हणजे पैज! गेल्या रविवारी मी अंघोळ करून, नवा शर्ट घालून, दुकानाला कुलूप लावून हजर. म्हटलं, "चल ना, नावेत बसू." ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मी तळ्याचं नाव काढायचं नाही, असं ठरलंय. आणि एवढी घाई कसली? जाऊ की कधी तरी. तळं कुठे पळून जातंय?"

आता हे ऐकायला माझ्याकडे पंचवीस वर्षं आहेत! ... हं, हा घ्या तुमचा चष्मा. घालून बघा, नीट दिसतंय? असं इकडे या, दुकानाच्या मागच्या बाजूला. कपाट? ते हलवलं परवाच. कंबर धरली, पण हलवलं. खिडकी उघडी ठेवतो हल्ली. गिऱ्हाईक नसलं की येऊन डोकावतो. म्हटलं, बायको म्हणतेय खरी, पण आपण आपलं लक्ष ठेवलेलं बरं... बघा तुम्ही, नव्या चष्म्यातून. आहे ना जागेवर?