वन्संची रविवारची फेरी

जमलेल्या सर्वांना नमस्कार. मला बोलायला जड जातंय. बोलणं वन्संचं काम. मी मॅट्रिक झालेली बाई. घरचा हिशेब लिहावा, पोथी वाचावी, एवढंच मला येतं. पण घरचं कुणीतरी बोलायला हवं, म्हणून उभी राहिलेय.

वत्सलावन्सं माझ्या मोठ्या नणंद. बाहेरगावाहून शिकायला आलेल्या मुलांना त्या दर रविवारी पुणं दाखवायच्या. पायी, आणि फुकट. पाणी मात्र घरून भरून आणायचं, विकतचं नाही. ते मला फार पटायचं.

सुरुवात ओंकारेश्वराच्या घाटावरून. शनिवारवाड्यापासून का नाही, असं कुणी विचारलंच तर म्हणायच्या, “वाडा नंतरचा. आधी नदी, मग गाव.” तिथून नदी ओलांडून पाताळेश्वर. मग चालतच विद्यापीठाच्या जुन्या दगडी इमारतीपर्यंत. कुणी नुसते फोटोच काढत बसलं, तर ऐकवायच्या, “मोबाईलला दाखवून झालं असेल, तर आता डोळ्यांनाही दाखवा.”

पानशेतच्या पुरात आमच्या सासरचं घर गेलं. मी एकदा विचारलं, “वन्सं, त्याच नदीचं एवढं कौतुक?” म्हणाल्या, “अगं, घर नेलं तिने. गाव तिनेच वसवलंय ना?”

परतीच्या वाटेवर मात्र मुलांनी सांगायचं आणि वन्संनी ऐकायचं. कुणी चुकलं की त्या जागच्या हलत नसत. बरोबर सांगितलं, की मगच पुढे.

त्या गेल्या, त्यानंतरच्या रविवारी मी घाटावर गेले. फेरी बंद झाली, एवढंच मुलांना सांगायचं होतं. नांदेडची एक मुलगी म्हणाली, “मावशी, मग आम्हाला कोण दाखवणार?”

ओंकारेश्वराला हात जोडले आणि चालायला लागले.

पाताळेश्वरापाशी मी म्हटलं, “हे देऊळ फार जुनं, शेकडो वर्षांपूर्वी बांधलेलं.” दुसऱ्यांदा आलेला एक मुलगा मागून म्हणाला, “बांधलेलं नाही मावशी. खडकात कोरलेलं.” आणि तिथेच उभा राहिला. मी नीट सांगेपर्यंत हलला नाही!

मंडळी, ऊर भरून आला माझा. कुठला कोण मुलगा, आणि आमच्या पुण्याबद्दल चुकीचा एक शब्द खपवून घेईना. हे वन्संनी केलं. दुसऱ्या कुणी नाही.

फेरी बंद होणार नाही. येत्या रविवारी मी घाटावर आहे. चुकेन. मुलं थांबवतील.

आता आपण सगळे दोन मिनिटं शांत उभे राहू या.

वन्सं, तुमचं पुणं मुलं नीट सांगताहेत. नमस्कार करते.