शंभर फुटांचा दोर

(नागपूर, १९७६. दवाखान्यातला पुरुषांचा वॉर्ड, दुपारचे चार. खाटेवर लीडिंग फायरमन रुपराव, दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत. शेजारी स्टुलावर त्याची बायको कौशल्या. नुकताच आलेला कवडू, रुपरावच्याच बंबावरचा फायरमन, खिडकीशी उभा.)

कौशल्या : सहावा दिवस होय आज. ठाण्यातले सारे येऊन गेले. ड्रायवर आला, गोपाळराव साहेब दोनदा आले. तुमीच नाई आले, भाऊजी.

कवडू : ड्यूटी होती, वहिनी.

कौशल्या : आन त्यायले नोती?

रुपराव : कौशल्ये, बसू तर दे वं त्याले. ये गा कवडू. खाटेवरच बस. पायाले काही झालं नाही माह्या.

कवडू : उभाच ठीक आहो. साहेबांनं पाठवलं. तुमचा बयान पाहिजे, लेखी. उद्या वरच्या ऑफिसात कागद जाते.

रुपराव : मी कसा लिहू? हे पाह्य ना, हाताचे गाठोडे झाले.

कवडू : मी लिहून आणला. तुमी फक्त ऐका आन हो म्हणा.

रुपराव : वाच.

कवडू : ‘दिनांक बारा रोजी दुपारी दीड वाजता इतवारीतील कापडाच्या गोदामास आग लागल्याची वर्दी मिळाली. चौकीदार गोविंदा वर झोपलेला असल्याचे मालकाने सांगितले. त्यावरून मी पाठीवर हवेचा सेट व कमरेला दोर बांधून आत गेलो. दोराचे दुसरे टोक फायरमन कवडू याने दारात धरले होते. वरच्या मजल्यावर दोर जळून तुटला व...’

रुपराव : थांब. काय तुटला?

कवडू : दोर.

रुपराव : जळून?

कवडू : हाव.

रुपराव : कोणं पाह्यला?

कवडू : कोणीच नाही पाह्यला. म्हणूनच तर. मी गुंडाळून स्टोअरात ठेवला, एकदम मागं. टोकाले काडी लावली की झालं.

रुपराव : बंबावरचा माणूस तू, आन काडी लावतं?

कौशल्या : लावू द्या ना. भाऊजी तुमच्या भल्याचं करून राहिले. पन मले एक सांगा, दोर जळला नाई, तर मंग झालं काय? मले कोनीच धड सांगत नाई. साहेबाले विचारलं, तर म्हनते तब्येत पाहू पहिले.

रुपराव : मी सोडला.

कौशल्या : काय सोडला?

रुपराव : कमरेची गाठ. माह्या हातानं. दोर शंभर फुटाचा. गोदाम समोरून दुकानाएवढं दिसते, पण आत लांबच लांब बोगदा आहे. जिना चढलो, दोन वळणं घेतली, आन दोर संपला. समोर आणखी एक खोली. तिकडून ठोकल्याचा आवाज येऊन राहिला होता, धड धड, धड धड. मले वाटलं, गोविंदा दार वाजवून राहिला. दहा पावलं तर होते, वं.

कौशल्या : दहा पावलं!

रुपराव : दोराचा कायदा सोपा आहे. एक झटका म्हणजे ठीक आहो, तीन झटके म्हणजे ओढा. दोर संपला की माघारी यायचं. हे मीच शिकवतो साऱ्याईले, मैदानात उभं करून. आन मीच गाठ सोडली. दहा पावलं गेलो आन वरून कापडाचे गठ्ठे पडले. मंग मले दार कुठं, जिना कुठं, काही समजलं नाही.

कौशल्या : आन तुमी, भाऊजी? दोर तं तुमच्या हातात होता.

कवडू : हाव.

कौशल्या : तुमाले कसं समजलं?

कवडू : मी एक झटका दिला. जवाब नाही. आणखी दिला. मंग ओढला तर हलका आला, वहिनी. विहिरीत बाल्टी सुटून पडते ना, मंग वर येते तसा. सारा दोर माह्या पायात येऊन पडला.

कौशल्या : मंग?

कवडू : शिट्टी मारली. लंबी, तीनदा.

कौशल्या : मंग?

कवडू : मंग उभा राहिलो.

कौशल्या : उभे राह्यले?

कवडू : दुसरा सेट दुसऱ्या बंबावर होता. तो बंब गल्लीच्या तोंडाशी, ठेल्याईत फसला. साहेब सेट घेऊन धावत येऊन राहिले होते. सेट नसला तर धुरात जायचं नाही. एकट्यानं तर बिलकुल नाही. दोन मिनिटं लागले. मी मोजले.

कौशल्या : मोजले? हा मानूस आत जळून राह्यला आन तुमी मोजत होते?

रुपराव : कौशल्ये.

कौशल्या : मले बोलू द्या! दिवाळीले याच्या ताटात मी वाढलं. भाऊजी म्हनते मी याले. दोन मिनिटं दारात उभा!

कवडू : बोला, वहिनी. म्हणूनच आलो नाही सहा दिवस. लोकं मागून ओरडत होते, एकानं गोटा मारला पाठीत. घुस ना बे, म्हणे, तुझाच माणूस आहे. माहा पाय दोनदा उंबरठ्यात गेला. दोनदा मागं घेतला. आता झोपलो की दोर हलका होते हातात.

रुपराव : म्हणून काडी लावतं काय त्याले?

कवडू : तुमची नोकरी वाचते ना, भाऊ. मले तेवढं तरी करू द्या.

रुपराव : आता माहं ऐक. तूबी ऐक, कौशल्ये. हा ओला रुमाल तोंडाले बांधून आत आला असता. दहा-पंधरा पावलात पडला असता, जिन्याच्या खालीच. मंग साहेब आले असते. त्यायच्या पाठीवर हवा एका खेपेची. पहिले कोण सापडलं असतं? दाराजवळचा. हा. याले उचलून बाहेर नेलं असतं, आन मी वर तसाच. हा आला नाही म्हणून साहेब माह्यापर्यंत पोचले.

कवडू : त्यायनं तुमच्या सेटची शिट्टी ऐकली. हवा संपत आली की वाजते ती. त्यायचाबी दोर मीच धरला होता, दोन दोर जोडून. तीन झटके आले तवा... दोन माणसाचं वजन लागलं हाताले. इतका जड दोर मी कधी ओढला नाही.

कौशल्या : पानी घ्या, भाऊजी. मडक्यातलं आहे.

कवडू : राहू द्या.

कौशल्या : घ्या म्हनते ना.

रुपराव : आन गोविंदा? त्याचं कोणी काही सांगत नाही मले. कुठं सापडला?

कवडू : भाऊ, त्याचं राहू द्या आता.

रुपराव : मेला?

कवडू : नाही. तो आत नोताच. सकाळच्या एसटीनं उमरेडले गेला होता, भाचीचं पोरगं पाहाले. मालकाले सांगितलंच नाही. समोरच्या चहावाल्याले मालूम होतं, किल्ली त्याच्याजवळच ठेवून गेला. आमी विचारलंच नाही त्याले.

रुपराव : मंग ते ठोकणं?

कवडू : छताचे टीन. तापून वर-खाली होत होते.

कौशल्या : टीन. टिनासाठी गेले तुमी.

रुपराव : माणसासाठीच गेलो, वं. निघाले टीन.

कवडू : गोविंदा रोज ठाण्यात येऊन बसते. तुमाले भेटाचं म्हणते. त्याले आणू काय?

रुपराव : आणजो. त्याची काय चूक. आता तो कागद फाड आन नवा घे. मी सांगतो तसं लिही.

कौशल्या : आन तुमची कसूर निघाली तं? दोन पोरी आहे घरात. नोकरी गेली तं काय करता?

रुपराव : इकडं पाह्य. दोर जळला असं लिहिलं, तर वरचे लोकं काय करतीन? तेवढाच दुसरा दोर आणून देतीन, शंभर फुटाचा. इतवारीत असे गोदाम किती आहे? आखूड पडला म्हणून लिहिलं, तर लांब दोर येईन. मी सोडला म्हणून लिहिलं, तर मैदानात नव्या पोराईले सांगतीन, रुपरावनं हे केलं होतं, तुमी करू नका.

कौशल्या : तुमचं नाव असं निघन?

रुपराव : निघू दे. अशीबी माही बंबावरची नोकरी झाली. सकाळी डॉक्टरनं सांगितलं. छाती खराब झाली. आता सेट घालाचा नाही, धुरात जायाचं नाही.

कौशल्या : मले नाई सांगितलं.

रुपराव : तू डबा आणाले गेली होती.

कवडू : मतलब, भाऊ, आता गाडीवर तुमी...

रुपराव : नाही, गा. ठेवलं तर टेलिफोनवर बसवतीन. वर्द्या घ्यायले. लिही.

कवडू : सांगा.

रुपराव : ‘दोर शंभर फुटांचा होता, तो अपुरा पडला. मी माघारी न येता स्वतः गाठ सोडली. ही माझी चूक.’ लिहिलं? ‘आत कोण आहे, हे आम्ही फक्त मालकाला विचारले. शेजाऱ्यांना विचारले नाही. दुसरा सेट पहिल्याच बंबावर असावा.’ बस. झालं.

कौशल्या : नाई झालं.

रुपराव : आणखी काय?

कौशल्या : हे लिवा, भाऊजी. फायरमन कवडू आत आला नाई, दारातच उभा राह्यला. त्याले आत जायाचं होतं तरी उभा राह्यला. म्हनून मी वाचलो.

कवडू : माहं नाव कशाले, वहिनी?

कौशल्या : उद्या गल्लीत कोनी बोललं, तं कागद दाखवता येईन. लिवा.

रुपराव : लिही, कवडू. तसंच लिही, तिनं सांगितलं तसं.

कवडू : ...लिहिलं. पण सही? तुमचे दोन्ही अंगठे पट्टीत.

रुपराव : साक्षीदाराची चालते. साहेबाले विचारून घेजो. कौशल्ये, तू चौथी पास आहे ना?

कौशल्या : आना तो कागद. वाचूनच करन मी सही. तुमी खिडकीतून जरा सरका, भाऊजी. उजेड येऊ द्या.