उरलेल्या जागी शून्य

वाचतो ना काकी मालकाचा कागद, नाई कुठं म्हनलं — पन आधी बसा तं खरं, तांड्याहून दोन गाड्या बदलून आल्या तुमी लोहाऱ्याले. ते खुर्चीवरचं बोर्ड द्या इकडं. हेच ते — लखीराम काकाच्या जिनिंगमदी बसवलं तसंच, माह्या हातचं. यातली ही चिप कोरी असते, आपन जशी लिहू तशी ती वागते. काकानं लाल बटन दाबलं की हिच्यातून कंट्रोल रूमले निरोप गेला पायजे, मशीन थांबव म्हनून. आधी बटनाची जुनी सरळ वायर होती, ते मीच काढाले लावली — कायले दोन-दोन वायरी, म्हनलं, एका केबलमदून सगळं जाते.

कागदात? कागदात लिवलं आहे की लखीराम राठोड यानं बटन न दाबता चालत्या मशीनमदी हात घातला, म्हनून उजवा हात गेला. काहून, तं कॉम्प्युटरात बटन दाबल्याची नोंदच नाई. अन् काका काय म्हनते — दाबलं असन नसन, मलेच याद नाई? पंधरा दिवसांत सगळ्याहीनं मिळून मानसाले स्वतःचा हात बी विसराले लावला.

नोंद कशी असन काकी, निरोप पोचलाच नाई. त्या केबलचा नियम आहे — निरोप निदान छेचाळीस अक्षरं लांब पायजे, कमी पडला तं उरलेल्या जागी शून्यं भरा लागते. बिनकामाची, पन भरा लागते. नाई भरली तं मदातला डब्बा — स्विच म्हनते त्याले — तुटका निरोप समजून फेकून देते, कोनाले सांगत बी नाई. मशीनचा रोजचा निरोप लांबलचक, तो बरोब्बर जाये, हिरवा दिवा लागे. थांबाचा निरोप मी एका अक्षराचा केलता — लवकर पोचावा म्हनून, काकी, खरंच लवकर पोचावा म्हनून — अन् शून्यं भराची राह्यली. इथं पडद्यावर पाह्यलं, ठीक दिसलं. तिथं जाऊन एकदा, एकदाच बटन दाबून पाह्याचं होतं. मी मालकासंगं चहा पेत बसलो.

मले कवा समजलं? काकाचा हात गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी. शून्यं भरून बी टाकली, गुपचूप. आता ते बटन चालते.

अन् खालची सही — यंत्रणा ठीक होती म्हनून जी आहे — ते इंजिनिअरची आहे. इंद्रजीत. माहीच, काकी. तुमच्या चुलीवरची बाटी खाऊन शाळेत गेलो, अन् काल सही करून देल्ली.

नाई, काकाचा अंगठा नका लावू याच्यावर, डाव्या हाताचा बी नाई. कागद राहू द्या इथं. दुसरा मी लिवतो, खरा, अन् उद्या मीच घेऊन जातो जिनिंगमदी. माह्या पाठीवर हात नका ठेवू काकी, आज नका. जा आता, दिग्रसची गाडी निघून जाइन. अन् घरी गेल्या की पह्यले काकाले सांगा — बटन तुमी दाबलतं.