प्रेसच्या बटणातला चिमटा

मी, वर नाव लिहिलेली बाई, वय सत्तेचाळीस, शिक्षण तिसरी नापास, धंदा लाँड्रीत प्रेस चालवणे, राहणार लाँड्रीच्या मागच्या गल्लीत, पोलीस स्टेशनला स्वतः येऊन सांगते की,

मी आणि माझी धाकटी जाऊ एकाच लाँड्रीत वाफेच्या प्रेसवर कामाला आहोत. प्रेसला खाली गादी आणि वर तापलेलं झाकण असतं. बटणं दोन, लांब लांब. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच झाकण पडतं. म्हणजे हात बाहेर राहतात.

'अ‍ॅडजस्ट' हा शब्द लाँड्रीत मेकॅनिकनं आणला. तो झाकणाचा दाब कमी-जास्त करायचा, त्याला तसं म्हणायचा. तोवर शब्द सरळ होता. पुढं सुपरवायझरनं उचलला. पंखा बंद पडला, अ‍ॅडजस्ट करा. सुट्टी बुडाली, अ‍ॅडजस्ट करा. घरी दिराचा हात उठला, तेव्हा सासूबाईही जावेला तेच म्हणाल्या.

मध्यंतरी हॉटेलच्या चादरींचं काम वाढलं. दोन्ही हात बटणावर अडकून पडतात म्हणून सुपरवायझरनं डाव्या बटणात कपडे वाळत घालायचा चिमटा ठोकला. बटण कायमचं दाबलेलं. मी म्हटलं, "साहेब, ते हात वाचवायला आहे." तो म्हणाला, "मावशी, तात्पुरतं अ‍ॅडजस्ट केलंय. तुम्ही काय मेकॅनिक लागून गेलात?"

आज दुपारी जाऊ डाव्या हातानं उशीच्या अभ्र्याची चुणी काढत होती. उजव्यानं बटण दाबलं. झाकण डाव्या हातावर पडलं. ते मी उचललं. सुपरवायझर धावत आला तो हाताकडं नाही, बटणाकडं. चिमटा त्याच्या आधी मी काढला. तो सोबत आणला आहे.

दवाखान्याच्या दारात तो म्हणाला, "चिमटा तिनंच लावला म्हणा. दोघींचं काम टिकेल. थोडं अ‍ॅडजस्ट करा, मावशी." मी म्हटलं, "हात म्हणजे काय ब्लाउज आहे, दोन टाके उसवून अ‍ॅडजस्ट करायला?" माझं काम गेलं तर जाऊ दे. हे तिच्या माथी मारू देणार नाही.

बोटं काढावी लागतील असं डॉक्टरांनी जावेला सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, "करीन अ‍ॅडजस्ट." हे जबाबात बसत नाही असं हवालदारसाहेब म्हणाले. मी बसवायला लावलं.

लिहिलेलं मला मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यात 'चुकून' असा शब्द होता, तो खोडायला लावला. बाकी मी बोलले तसंच आहे. मला सही येते, अंगठा घेऊ नये.