बागेत बसवलेली मेंढरं

उत्कर्षा : आज्जा, खरं सांगा. माझ्या बागेत मेंढरं कुणी बसवली?

ज्ञानू : कोन बसिवनार? मीच. तू सांगलीस्नं यायच्या आत उरकलं. खूश झालीस न्हवं?

उत्कर्षा : लेंड्यांचा नुसता थर झालाय हो.

ज्ञानू : तर काय. आटपाडीचं डाळिंबवालं या खतापायी माज्या म्हागं हिंडत्यात.

उत्कर्षा : पण मला खत नकोच होतं. फोनवर म्हणाले नव्हते का, माती उपाशी राहू दे म्हणून?

ज्ञानू : म्हनलीस की. मला वाटलं, भिडंनं म्हनतीया पोरगी. आज्याला कशाला तरास म्हनून.

उत्कर्षा : भीड कसली? ही रोझमेरी, लॅव्हेंडर, समुद्रापल्याडच्या कोरड्या डोंगरांवरची झाडं. खाली मुरूम, वर खडी, डोक्यावर ऊन, एवढं त्यांना बास. खत मिळालं की माजतात, मऊ पडतात, आणि पाऊस लागला की मुळं कुजतात.

ज्ञानू : मंजी मेंढरागत. कवळ्या ज्वारीत शिरली की पोट फुगून मरत्यात.

उत्कर्षा : अगदी तसंच.

ज्ञानू : मग आदी असं सांगायचं. तू आपली खडीचंच गुऱ्हाळ लावलंस.

उत्कर्षा : हसू नका. आज्जीसाठी करतेय मी हे. टँकर सुरू झाला की आपल्या वाटचं पाणी ती झेंडूला घालते, गुडघा धरून. बिनपाण्याची बाग झाली तर तिच्या डोक्यावरचा हंडा तरी उतरेल. रोपं गाडीत आहेत, दुपारी खडीचा ट्रॅक्टर येतोय. आता सगळी माती वीतभर खरडायला लागणार.

ज्ञानू : खरड की. फावडं हाय दाराम्होरं. मी पाट्या भरतो.

उत्कर्षा : रागावलात?

ज्ञानू : न्हाई गं.

उत्कर्षा : खत वाया जाणार नाही. डाळिंबवाल्यांना देऊन टाकू. आणि पुढच्या वेळी मेंढरं त्यांच्याच रानात बसवा.

ज्ञानू : मेंढरं कुटली आता? परवा लोणंदच्या बाजारात दिली.

उत्कर्षा : समदी?

ज्ञानू : समदी. माजं पाय चालंनात. रानं समदी तारंच्या कुंपनात अडाकली, चारायची कुटं? तुजा बा म्हनला, बसा आता घरी. तुला मुद्दाम सांगितलं न्हाई, रडत बसली असतीस.

उत्कर्षा : आणि जायच्या आधी...

ज्ञानू : शेवटच्या राती कुनाच्या रानात बसवायची, ह्यो इचार पडला. डाळिंबवालं लय म्हागं लागलं. मी म्हनलं, न्हाई. माज्या नातीच्या दारात बसतील.

(उत्कर्षा हातातलं फावडं भिंतीला टेकवते.)

ज्ञानू : आता रडतीस कशापायी? माजीच चूक झाली. दे ते फावडं हिकडं.

उत्कर्षा : आज्जा, तुमाला बसायला सावली कुटं पायजे?

ज्ञानू : मला? त्या गोठ्याकडच्या कोपऱ्यात. तितनं वाट दिसती.

उत्कर्षा : मग तिथं कडुलिंब लावू. लहान आहे तोवर आंघोळीचं पाणी, पुढं त्याचं तो बघेल. त्याला खत चालतं.

ज्ञानू : त्याच कोपऱ्यात म्होरकी मेंढी बसली हुती बग. रातभर हालली न्हाई. तितलंच खत लय दाट हाय.

उत्कर्षा : मग तितलं खरडायचं न्हाई.