पिवळं झबलं

माझ्या पहिल्या कवितासंग्रहाच्या प्रकाशनासाठी मी आमच्या जुईनगरच्या सोसायटीचा हॉल मागितला, तेव्हाची गंमत. फॉर्मवर साखरपुडा, बारसं, वाढदिवस आणि तेरावं, एवढेच रकाने. सेक्रेटरीकाका म्हणाले, "पहिलंच पुस्तक ना? मग बारशावर टिक कर, टेन्शन नको घेऊस." मी केली. त्यांनी तेच माझ्या नावासकट खाली बोर्डावर लिहिलं, हे मला माहीतच नाही.

रविवारी सकाळी शेजारच्या कदमकाकू पिशवी घेऊन दारात.

"सांगायचंस तरी गं. लग्न नाही झालं म्हणून आम्ही काय बोलणार होतो?"

कवितेचा आणि लग्नाचा संबंध मला लागेना. "संकोच वाटला, काकू."

"सगळं एकटीनंच केलंस?"

"हो. आठ वर्षं लागली."

काकू मटकन बसल्या. पिशवीतून पिवळं झबलं निघालं. मी गोंधळून पुस्तक पुढे केलं. त्यांनी पुस्तकाकडे बघितलं, झबल्याकडे बघितलं.

"प्रकाशनाला पुस्तक कशात तरी गुंडाळतात ना? मग यात गुंडाळ."

संध्याकाळी पाहुण्यांनी झबल्याच्या नाड्या सोडून पुस्तक बाहेर काढलं. टाळ्या खूप पडल्या. कशाला, ते मला अजून कळलेलं नाही.