गाडीचं काळीज

मिस्त्री : आता मारा चावी, काका. ... बास, बास, सोडा. स्टार्टर तर झकास फिरतोय. बॅटरी मी माझी लावलीय, तेव्हा तिच्यावर आळ घ्यायला नको.

बाबा : फिरतोय, पण पकडत नाही. सकाळपासून तेच सांगतोय मी.

मिस्त्री : पकडेल हो. जुनी गाडी आहे, थोडी नाटकं करणारच.

बाबा : ती नाटकं करत नाही. तिचं काळीज नाही जागेवर. ते या पोरीच्या आईकडे आहे.

लेक : बाबा, मिस्त्रींना काम करू द्या ना. तुम्ही आत बसून राहा. ते सांगतील तेव्हाच चावी फिरवा.

बाबा : पण हात चालवा जरा. आज सोडतायत तिला. दारात येऊन उभी राहील, हातात पिशवी घेऊन. आणि मी इथे.

मिस्त्री : काकूंना आणायला जायचंय होय? कुठे असतात?

बाबा : दवाखान्यात.

मिस्त्री : अरे वा, घरी येतायत म्हणजे! मग तर हिला उठवलंच पाहिजे. ताई, जरा बॉनेटपाशी या, हा टॉर्च धरा, उजेड इकडे पाडा. ... काय झालं होतं काकूंना?

लेक : हळू बोला.

मिस्त्री : का हो?

लेक : आई गेली. पावसाळ्यात गेली. दवाखान्यातून परत आलीच नाही.

मिस्त्री : अहो, पण काका तर...

लेक : त्यांच्या डोक्यात राहत नाही ते. मी सांगायचे आधी. दर वेळी त्यांना पहिल्यांदाच कळायचं, आणि दर वेळी तसेच रडायचे, भिंतीला डोकं टेकून. डॉक्टर म्हणाले, आता नका सांगू. तेव्हापासून सांगत नाही. रोज सकाळी उठतात, दाढी करतात, इस्त्रीचा शर्ट घालतात आणि गाडीत येऊन बसतात. चावी मारमारून बॅटरी पार मेली, म्हणून तुम्हाला बोलावलं.

मिस्त्री : मग गाडी चालू झाल्यावर करणार काय तुम्ही?

लेक : मी चालवीन. दोन-चार रस्ते फिरवून आणीन. फिरता फिरता विसरतील, कुठे निघालो होतो ते. नाहीतर या शेडमध्येच झुरून झुरून संपतील हो. मला नाही बघवत.

बाबा : कसली कुजबुज चाललीय तिकडे? कॉइल बघितली का?

मिस्त्री : तीच बघतोय, काका! ... ताई, या जाड वायरीला हात नका लावू, सणकून झटका बसेल. मी धरतो. हां काका, मारा! ... बघितलीत ठिणगी? कशी निळीशार आहे. म्हणजे ठिणगी पाडणारी कॉइल ठणठणीत. आता तीच ठिणगी प्लगपर्यंत जाते का बघू. काका, अजून एकदा! ... नाही. इथे काहीच नाही.

लेक : म्हणजे काय?

मिस्त्री : म्हणजे पोरगं घरून दप्तर घेऊन निघतंय, पण शाळेत पोचत नाही. मधेच कुठेतरी उंडारतंय. आणि मधे जागा एकच, हे टोपण. दोन क्लिपा काढल्या की... अरे तिच्या!

लेक : काय झालं?

मिस्त्री : रोटर कुठाय?

लेक : ते काय असतं?

मिस्त्री : या टोपणाच्या आत, मधोमध, अंगठ्याएवढा तुकडा बसतो. गरगर फिरतो आणि चारी प्लगना पाळीपाळीनं करंट वाटतो. तो नसला की बाकी सगळं धडधाकट असून उपयोग शून्य. आणि इथे तो नाहीच. तुटला नाही, पडला नाही. कुणीतरी अलगद काढून घेतलाय आणि टोपण परत जिथल्या तिथे लावलंय. येरागबाळ्याचं काम नाही हे.

बाबा : मी काय म्हणत होतो? काळीज नाही.

मिस्त्री : काय म्हणालात, काका?

बाबा : तुम्ही रोटर म्हणता. आम्ही नवरा-बायको त्याला काळीज म्हणतो. ते तिच्याकडेच असतं, पर्समध्ये.

लेक : बाबा! तुम्ही रोज तेच म्हणायचात, काळीज तिच्याकडे आहे, काळीज तिच्याकडे आहे. मला वाटायचं, आईच्या आठवणीनं म्हणताय. मी स्वयंपाकघरात जाऊन रडायचे.

बाबा : रडायचं काय त्यात? पर्समध्ये बघायचं.

लेक : पर्स... दवाखान्यातून दिलेली पिशवी तशीच आहे कपाटात. उघडायला हातच धजावला नाही माझा. थांबा, आलेच.

मिस्त्री : काका, पण काकूंच्या पर्समध्ये रोटर कशाला म्हणतो मी?

बाबा : चोरासाठी. कुठे परगावी गेलो, गाडी लावली, की मी काळीज काढून तिच्या हातात द्यायचो. मग चोरानं खुशाल चाव्या फिरवत बसावं. पुढे पुढे तीच काढायला शिकली. रुमालात गाठ मारून ठेवायची. पर्सला ग्रीस लागलं की माझी खैर नसायची.

मिस्त्री : डोकं लावलंत पण!

बाबा : डोकं माझं, पर्स तिची. आणि एकदा कडाक्याचं भांडण झालं आमचं.

मिस्त्री : कशावरून?

बाबा : ते नाही आठवत. चूक माझी होती, तेवढं आठवतं. ती तरातरा निघून गेली माहेरी. पर्स घेऊन. आणि मी सकाळी मारतोय चावी, मारतोय चावी...

मिस्त्री : हा हा! काळीज सासुरवाडीला!

बाबा : गेलो बसनं, उभ्यानं. सासऱ्यांना म्हटलं, गाडीचं एक सामान राहिलंय हिच्याकडे, तेवढं घेऊन जातो. ती आतून म्हणाली, सामान एकटं यायचं नाही. आम्ही दोघं येऊ, नाहीतर कुणीच नाही. सासरे गालातल्या गालात हसतायत, मी खाली मान घालून उभा.

मिस्त्री : मग?

बाबा : मग काय? दोघं आले.

लेक : मिस्त्री, हे बघा बरं. चष्म्याच्या घराखाली होतं. रुमालात.

मिस्त्री : हाच तो! आणि गाठ केवढी पक्की मारलीय.

लेक : जरा इकडे या, बाजूला. ... त्या दिवशी अँब्युलन्स दारात उभी. आईला धड श्वास घेता येत नव्हता. आणि म्हणते कशी, थांबा, गाडीत माझी छत्री राहिलीय. मी आणते म्हटलं, तर नाही, तुला सापडायची नाही. मी चिडले. अशा वेळी छत्री कसली सुचते तुला, म्हटलं. भिंतीला धरत धरत शेडमध्ये गेली आणि परत आली. हातात छत्री नव्हतीच. मी विचारलंसुद्धा नाही.

मिस्त्री : ताई...

लेक : त्याच्या आधी बाबा एकदा गाडी घेऊन गेले आणि रस्ता चुकले होते. अंधार पडेपर्यंत शोधत होतो आम्ही. आपल्यामागे ते पुन्हा गाडी काढतील, ही धास्ती होती तिला. म्हणजे आपण परत येत नाही, हे ठाऊक होतं तिला, मिस्त्री. तिला ठाऊक होतं, आणि मी छत्रीवरून बोलले.

बाबा : सापडलं ना? मग बसवा की. उशीर होतोय.

मिस्त्री : काय करू, ताई? काकूंनी मुद्दाम काढलाय म्हणजे...

लेक : बसवा. चावी मी माझ्याकडे ठेवीन. आज एकदा ऐकू दे त्यांना आवाज.

मिस्त्री : खाच जुळली. हे टोपण. ही एक क्लिप, ही दुसरी. हां काका, मारा!

(इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू होतं.)

मिस्त्री : ऐकलंत? कुठे खडखड नाही, काही नाही. पास झालो की नाही मी? ... काका?

लेक : बाबा, सरका बरं तिकडे. मी चालवते. चला, जाऊ या.

बाबा : कुठे?

लेक : आईला... आणायला.

बाबा : मिस्त्री, हे तुम्हाला कुणी दिलं?

मिस्त्री : ताईंनी. काकूंच्या पर्समधून.

बाबा : तिनं नाही दिलं?

लेक : बाबा, चला ना.

बाबा : ते एकटं येत नाही गं. दोघं येतात, नाहीतर कुणीच नाही.

लेक : बाबा...

बाबा : कधी गेली?

लेक : पावसाळ्यात.

बाबा : मी होतो?

लेक : होतात. तिचा हात धरून बसला होतात. सोडतच नव्हतात.

बाबा : बरं झालं, होतो ते. ... तू मला सांगितलं होतंस का?

लेक : सांगितलं होतं, बाबा.

बाबा : पुष्कळदा?

लेक : हो.

बाबा : फार त्रास दिला तुला. मिस्त्री, बंद करा ती. आणि काळीज काढा परत.

मिस्त्री : राहू द्या की, काका. आत्ता कुठे सुरळीत चाललीय.

बाबा : काढा म्हणतो ना. ... द्या इकडे. तिचा रुमाल कुठाय? हं. गाठ तू मार, पोरी. अशी नाही, घट्ट. आता तुझ्या पर्समध्ये ठेव.

लेक : ठेवलं.

बाबा : उद्या मी परत येऊन बसेन इथे. चावी मारीन. लागली नाही की तुझ्यावरच ओरडेन, काळीज कुठाय म्हणून.

लेक : ओरडा. मी काय सांगू?

बाबा : सांग, आईकडे आहे.